जुनी गाडी रुसली तर…

मैत्रिणींनो, रात्रभर तापाने फणफणलेले मूल सकाळी दवाखान्यात न्यावे आणि तिथे पोचताच त्याने डॉक्टरांच्या टेबलावरची घंटी वाजवत खेळू लागावे, हा अनुभव तुम्हाला काही नवा नाही. "अहो डॉक्टर, खरंच हो, रात्री एकशे तीन ताप होता!" असे आपल्याला दोनदा सांगावे लागते. जुन्या मोटारगाडीचे 'कधी सुरू होते, कधी होत नाही' हे दुखणे अगदी याच जातीचे. दारात उभ्या असलेल्या गाडीत किल्ली फिरवावी, तर नुसते 'टक्'. चार जणांना बोलावून, धक्का मारून ती गॅरेजात न्यावी, तर तिथे पहिल्याच सेल्फला शहाण्यासारखी सुरू! मग गॅरेजवाला आपल्याकडे पाहून हसतो आणि म्हणतो, "ताई, काही नाही झालेलं, तुम्हीच नीट मारला नसेल सेल्फ."

कायमची बंद पडलेली गाडी परवडली. तिचा दोष जागच्या जागी सापडतो. अधूनमधून रुसणाऱ्या गाडीचा दोष मात्र शोधायला गेले की लपून बसतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलणे सुरू होते. आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा सेल्फ. पैसा पाण्यासारखा जातो आणि दुखणे तिथेच राहते.

लोणच्याच्या मसाल्याच्या आणि कपड्यांवरच्या डागांच्या पानाशेजारी हे मोटारपुराण कशाला, असे कुणाला वाटेल. पण आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या गावांतून फेरफटका मारून पाहा. वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी गाडी दिसतेच. ती सासऱ्यांनी पहिल्या मोठ्या बढतीनंतर घेतलेली असते, नाही तर माहेरच्या काकांची असते. तिच्यात कुणाची वरात निघालेली असते, कुणाचे बाळ दवाखान्यातून घरी आलेले असते. आणि ती सुरू होत नाही, तेव्हा मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना आणि लग्नघरची धावपळ सावरायची कुणी? तुम्ही-आम्हीच ना?

यंत्र आणि आपण

यंत्राचे आणि बाईचे जमत नाही, हा समज तर आपल्या भागात शोभतच नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' हे मासिक निघाले. नांगर आणि बायकांचे मासिक एकाच वाडीतले! साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होत असे. सांगलीत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज ज्या वालचंद हिराचंद यांचे नाव सांगते, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपली लाडकी फियाट निघाली. १९७४ सालापासून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता ती पिढी उरली आहे ती घराघरांतून, हौसेने आणि मायेने सांभाळलेली.

आणि मोटारीने पहिला लांबचा प्रवास कुणी केला, माहीत आहे? १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून माहेरी निघाल्या. शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, म्हणजे आपल्या साताऱ्याहून सांगलीपेक्षा थोडा कमी. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले, तिथे मोज्यांचा पट्टा गुंडाळला, असे सांगतात. गाडीच्या विजेचा दोष शोधून रस्त्यातच दुरुस्त करणारी ती पहिली गृहिणी म्हणायला हरकत नाही!

वीज जाते तशी परतही यावी लागते

मी दुपारी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. माझी पदवी बी. ए.ची, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. तरीही पुढची गोष्ट मला समजली, म्हणजे ती तुम्हालाही नक्की समजेल.

आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये वीज नेणारी एक तार आणि परत आणणारी दुसरी तार असते. गाडीत परतीची तार वेगळी नसते. गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. बॅटरीच्या अधिक टोकापासून जाड तार सेल्फकडे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या छोट्या मोटरकडे जाते. तिथून वीज इंजिनाच्या धातूतून गाडीच्या अंगात आणि अंगातून बॅटरीच्या उणे टोकाला परत येते. पण इंजिन बसवलेले असते रबराच्या गुटक्यांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि अंग यांना जोडणारी एक लवचीक, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. इंजिनाच्या पोटाशी, तेलाच्या आणि चिखलाच्या राडीत ती लपलेली असते. तिच्याकडे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही.

आता थोडे आकडे. आपली हजार वॅटची इस्त्री घरच्या विजेवर साधारण चार अँपिअर वीज घेते. गाडीचा एक हेडलाइटही चारच्या आसपास घेतो. पण सेल्फ? छोट्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो! अरुंद नळातून तांब्याभर पाणी निघायला अडचण येत नाही, पण एकदम टाकी भरायची म्हटली की नळाचा अरुंदपणा कळतो. तसेच इथे. जोडावर थोडासा गंज असला, तर दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फला लागणारी भरपूर वीज त्या जोडातून जात नाही. म्हणून 'दिवे लागतायत म्हणजे सगळं ठीक आहे' ही समजूत आधी मनातून काढून टाका.

पाच आवाज ओळखा

फोडणी तडतडली की जळली, हे आपण आवाजावरून सांगतो. गाडीचेही तसेच आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहत किल्ली फिरवा.

१) दिवे मुळातच मिणमिणते किंवा बंद, सेल्फचा आवाज नाही. बॅटरी उतरली आहे, नाही तर बॅटरीच्या टोकावरची पकड सैल आहे.

२) 'टक्' किंवा 'टकटकटक' असा आवाज आणि त्याच वेळी दिवे एकदम मावळतात. बॅटरी अशक्त झाली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला आहे.

३) दिवे लख्ख राहतात, पण 'टक्'च्या पुढे काही होत नाही. बॅटरीला बोल लावू नका. वीज सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा परत येत नाही. सेल्फच्या सोलेनॉइडचे आतले संपर्क, सेल्फमधले कार्बन ब्रश किंवा अर्थिंगची पट्टी, या तिघांपैकी कुणीतरी दोषी. 'टक्'सुद्धा ऐकू येत नसेल, तर किल्लीचा स्विच आणि तिथून जाणारी बारीक तार आधी तपासायची.

४) 'घर्रर्र' असा सेल्फ मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही. सेल्फचे दाते इंजिनाच्या चाकात बसत नाहीत. हे काम मेकॅनिकचे.

५) इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही. इथे सेल्फ आणि बॅटरी दोघेही निर्दोष. ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल पोचत नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लग यांच्याकडे पाहायचे.

एवढे पाच आवाज ओळखता आले, तर निम्मे निदान झाले म्हणा. आणि एक पथ्य, सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त मारायचा नाही. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचे. नाही तर सेल्फ तापतो आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

आमच्या घरचे प्रकरण

आमच्या घरची गाडी १९७८ सालची, मामंजींनी घेतलेली. मामंजी आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे एस. टी.ची पायरी चढवत नाही. आजकालच्या उंच गाड्यांत बसायचे म्हणजे दोघांनी धरून उचलावे लागते. या जुन्या गाडीत मात्र ते स्वतः दार उघडून बसतात. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब तपासायला ठरलेल्या तारखेला मिरजेला जावे लागते, आणि तारीख चुकवायची नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. माझे माहेर सांगलीचे. त्यामुळे कराड, पेठ नाका, आष्टा असे करत गाडी मीच नेते. मिरजेचा दवाखाना आणि आईची भेट, दोन्ही एकाच फेरीत.

एका पावसाळ्यात गाडी रुसायला लागली. गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली, मग पुन्हा बदलली, मग सेल्फ उघडून ब्रश घातले. चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा 'टक्'. पुण्याहून धाकटे भाऊजी आले, ते म्हणाले, "वहिनी, किती दिवस हे? भंगारात द्या." एक जण येऊन वजनाचा भाव करूनही गेला. मामंजी काहीच बोलले नाहीत. पण त्या महिन्यात मिरजेची तारीख आली, तेव्हा म्हणाले, "राहू दे या वेळी. पुढच्या महिन्यात जाऊ. दिसतंय मला." त्यांना किती दिसत होते, ते मला माहीत होते. ताटातली चटणी कुठे आणि कोशिंबीर कुठे हे ते हाताने चाचपायला लागले होते. भाड्याच्या गाडीने कसेबसे त्यांना नेऊन आणले, पण चढता-उतरताना त्यांचे झालेले हाल पाहवत नव्हते. तेव्हा मी ठरवले की या गाडीचे दुखणे छडा लावल्याशिवाय सोडायचे नाही.

मुलाची जुनी शाळेची वही घेतली आणि दुधाच्या हिशेबासारखी नोंद सुरू केली. तारीख, वेळ, पाऊस की ऊन, गाडी किती दिवस उभी होती, इंजिन गार की गरम, आवाज कोणता, दिवे मंद झाले की नाही. सात आठवड्यांत गाडी अकरा वेळा रुसली. त्यांपैकी आठ वेळा ती दोन दिवस पावसात उभी होती. उरलेल्या तीन वेळा खड्ड्यांच्या रस्त्यावरून नुकतीच आलेली होती. अकराही वेळा दिवे जराही मंद झाले नव्हते. आणि एक विचित्र नोंद होती. दोनदा सेल्फ मारल्यावर चोकची मूठ हाताला कोमट लागली होती.

ही वही मी सांगलीच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनना दाखवली. त्यांनी पान उलटले, चोकच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम झालंय. आता फक्त बघायचं." त्यांनी एक जाड केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला. किल्ली फिरवली, गाडी सुरू. केबल काढली, 'टक्'. पुन्हा लावली, सुरू. मग त्यांनी मीटर लावला. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीचे उणे टोक यांमध्ये दोन व्होल्टच्या वर आकडा दिसला. तो पाव व्होल्टच्या आत हवा.

दोष होता त्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून चांगली दिसत होती. खोलली तेव्हा बोल्टखाली गंजाचा थर आणि आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या. इंजिन जरा इकडे हलले की तुटलेली टोके एकमेकांना टेकायची आणि गाडी सुरू व्हायची, जरा तिकडे हलले की टेकायची नाहीत. धक्का मारून गॅरेजात नेताना इंजिन हलत होते, म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी वागत होती! पट्टीतून वाट मिळेना, तेव्हा वीज परत यायला दुसरी वाट शोधत होती, ती चोकच्या बारीक तारेतून. म्हणून मूठ तापत होती. ती तशीच तापत राहिली असती, तर वायरिंग जळायला वेळ लागला नसता.

यात गाडी बनवणाऱ्याचा दोष काही नाही. चाळीस-पंचेचाळीस पावसाळे काढल्यावर माणसाचे सांधेसुद्धा धरतात. नवी पट्टी आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. पुढच्या तारखेला मामंजी स्वतः दार उघडून पुढच्या सीटवर बसले आणि मिरजेला जाऊन आले.

उन्हाचे आणि पावसाचे दुखणे वेगळे

तुमच्या वहीत नोंदी जमल्या, की त्यांतून काय वाचायचे ते सांगते.

पावसाळी सकाळी गाडी पेटत नाही, पण दुपारी ऊन पडल्यावर सुरू होते, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि प्लगच्या जाड तारांवर ओल धरते आहे. किल्ली बंद करून टोपी काढा, आतून-बाहेरून कोरड्या, मऊ सुती फडक्याने पुसा. टोपीला आतून केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती चीर असते. तिथून ठिणगी पळते. टोपी बदलायला हवी.

गार असताना सुरू होते, पण खंबाटकी घाट चढून आल्यावर चहाला थांबले की पुन्हा सुरू होत नाही, तर दोष उष्णतेचा. तांबे तापले की त्यातून वीज जायला अडथळा वाढतो, पन्नास अंश तापले तर सुमारे वीस टक्क्यांनी. आधीच कुरकुरणारे सोलेनॉइड किंवा सेल्फ मग हात टेकतात. सेल्फ जोरात फिरत असेल आणि इंजिन पेटत नसेल, तर कॉइल, कंडेन्सर किंवा तापून वाफ झालेले पेट्रोल यांच्यावर संशय घ्या. अर्धा तास बॉनेट उघडे ठेवून गाडी सुरू झाली, तर तेही वहीत लिहा. मेकॅनिकला सांगा, "गार असताना तपासू नका, तापल्यावरच तपासा."

आठवडाभर उभी राहिल्यावरच रुसत असेल, तर बॅटरी आपोआप उतरते आहे किंवा कुठला तरी दिवा, घड्याळ, रेडिओ तिला गुपचूप पीत आहे. रोज मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचीही बॅटरी भरत नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांतला डायनॅमो इंजिन हळू चालताना फारशी वीज देत नाही. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवा. महिनाभर उभीच ठेवायची असेल, तर बॅटरीचे उणे टोक सोडवून ठेवा.

सांगलीकर मैत्रिणींना आणखी एक सांगणे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. पुराचे पाणी लागलेल्या गाडीला आधी सेल्फ कधीही मारू नका. बॅटरी सोडवा आणि मेकॅनिकला बोलवा. वरवर सुकलेल्या गाडीच्या जोडांत गाळ राहतो आणि महिन्यांनी, वर्षांनी हाच कधी-सुरू-कधी-बंद खेळ सुरू होतो.

मीटर घरात असू द्या

वीज मोजण्याचा साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डी. सी. वीस व्होल्टवर लावा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीने १२.६ दाखवले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरी अशक्त. १२ वरच राहिला आणि इंजिन हलले नाही, तर बॅटरी ठणठणीत आहे, वाट अडली आहे. गाडी सुरू करून जरा वेग वाढवल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर बॅटरी भरतच नाही, नवी आणूनही उपयोग होणार नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर आला असेल, तर उणे टोक आधी सोडवा आणि जोडताना ते शेवटी जोडा. का? अधिक टोकाचा पाना चुकून गाडीच्या अंगाला टेकला, तर मोठा जाळ होतो. उणे टोक आधी सोडवलेले असले, की ती भीती नाही. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे उलटे असते, अधिक टोक अंगाला जोडलेले असते. तिथे ते आधी सोडवायचे.) खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने थर काढा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. कोरडे पुसून पॉलिशपेपरने टोक चकचकीत करा, घट्ट जोडा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. बॅटरीत पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड. फिल्टरचे, उकळलेले, विहिरीचे, कुठलेही दुसरे नाही.

हे मात्र जपा

बॉनेट उघडण्यापूर्वी सोन्याच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि मंगळसूत्र पदराखाली नीट खोचून घ्या. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची वस्तू आली, तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण भाजते ते खरे. प्लगच्या तारांचे मात्र तसे नाही. इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. पदर किंवा ओढणी कमरेला बांधा, पंख्याच्या पट्ट्यात अडकायला वेळ लागत नाही. वेणीही आत घ्या.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. दसऱ्याला गाडीची पूजा आपण सगळ्याच करतो. निरांजन-उदबत्ती ओवाळायची ती बॉनेट बंद करून, आणि बॅटरी नुकतीच चार्ज केलेली असेल तर थोडे लांबूनच. बॅटरीचे ॲसिड डोळ्यांत किंवा हातावर उडाले, तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डोळ्यांत गेले असेल तर लगेच दवाखाना गाठा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसू नका, तो धूर जीवघेणा असतो.

मेकॅनिकशी बोलताना

"गाडी सुरू होत नाही" असे नुसते सांगू नका. "सेल्फ 'टक्' करतो, दिवे मंद होत नाहीत, गाडी दोन दिवस पावसात उभी होती" असे सांगा. यातून त्यांचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसा. कुठलाही भाग बदलण्यापूर्वी विचारा, "हाच भाग खराब आहे हे कशावरून?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट मीटर लावून दाखवतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. आणि आधी स्वस्ताचे तपासायचे, मग महागाचे. टोकांची सफाई, अर्थिंगची पट्टी, सैल तारा, फ्यूजची टोके, किल्लीचा स्विच, आणि मग सेल्फ व बॅटरी, असा क्रम ठेवा.

गाडी विकावी, भंगारात द्यावी की ठेवावी, हा निर्णय घरात चालू असेल, तर कागदपत्रांचेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी आर. टी. ओ.कडे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. तिचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. पण ऐकायला छान वाटले, तरी घाई करू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्या घरात सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचे आहे, त्या घराने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या दारातली गाडी रुसत असेल, तर या रविवारी जुनी वही आणि पेन्सिल तिच्या पुढच्या कप्प्यात ठेवून द्या. पहिल्या पानावर रकाने आखा: तारीख, वेळ, हवा, गाडी किती दिवस उभी, इंजिन गार की गरम, आवाज, दिवे. घरात जो कुणी किल्ली फिरवेल, त्याने ओळ भरायची. महिनाभर गाडी भंगारवाल्याला देऊ नका, नवी बॅटरीही आणू नका. आधी ते पान पाहा.